ग्यारंटीच्या कार्डाला कुंकू

मागच्या महिन्यात मी नवा मिक्सर घेतला. दुकानात गेले नाही. फोनवरच पाहिला, फोनवरच मागवला, आणि चौथ्या दिवशी आदिलाबादच्या आमच्या भाड्याच्या घरासमोर एक जण खोकं ठेवून, त्याचा फोटो काढून निघूनही गेला. माय दारात तूर निवडत बसली होती.

"फोटू काऊन काढला त्यानं?" तिनं विचारलं.

"सामान पोचवलं याचा पुरावा, माय."

"मंग तुया हातात देतानी काढाचा ना. खोक्याचा काय काढते?"

मी खोकं उघडेपर्यंत ती आतून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली. मिक्सरच्या अंगाला पाच बोटं लावली. मग करंडा हातात धरून खोक्यात वाकून पाहू लागली.

"कार्ड कोठी हाय?"

"आता कार्ड नसते. ग्यारंटी फोनमधी असते."

कुंकवानं माखलेलं बोट तिनं तसंच हवेत धरलं. "मंग फोनले लावू?"

मी हसले. ती हसली नाही. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. शेवटी उरलेलं कुंकू तिनं दाराच्या चौकटीला पुसलं आणि पुन्हा तुरीकडे गेली.

संध्याकाळी फोनवर निरोप आला, की आमच्या सेवेचा अनुभव कसा वाटला ते सांगा, पाचपैकी तारे द्या. मी कॉलेजात वाणिज्य शिकवते. ग्राहकाचे हक्क, विक्रीनंतरची सेवा, हे धडे दर वर्षी फळ्यावर लिहिते. तरी ते पाच पोकळ तारे पाहून मी फोन पालथा ठेवला. ग्राहकाचा अनुभव म्हटलं की मला अजूनही एकच उन्हाळा आठवतो. मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि मायच्या शिवणाच्या मशीनची मोटर बंद पडली होती.

तो उन्हाळा सांगायचा तर आमच्या गावात वस्तू कशा यायच्या ते आधी सांगायला हवं. आमचं गाव जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला, पण तेलुगू राज्यात. पुड्यांवर छापलेलं असायचं इंग्रजी किंवा तेलुगू. मोठ्या माणसांना दोन्ही येत नसे. जे मराठी शाळेत चार वर्ग शिकले होते त्यांना वाचता यायचं, पण पुडीवर मराठी नसायचं. म्हणून कंपनीनं ठेवलेलं नाव आमच्या गावात कुणी घेतच नसे. आमची आमची नावं होती. लाल पुडीचा चहा. बाईचा साबण. चंद्राची उदबत्ती. कपडे धुण्याच्या एका पावडरीवर बदकासारखं काहीतरी होतं, तिला सगळं गाव कोंबडीची पावडर म्हणायचं, आणि दुकानदारही निमूटपणे तीच काढून द्यायचा.

एका वर्षी त्या चहाच्या कंपनीनं पुडीचा रंग बदलला. लाल होती ती हिरवी केली. आत तोच चहा, पण गावात कुणी घेईना. बायका म्हणायच्या, सेठ नकली माल आणून राह्यला. दुकानदार बिचारा शपथा घेऊन थकला. शेवटी त्यानं एक जुनी लाल पुडी आणि एक नवी हिरवी पुडी शेजारी शेजारी खिळ्याला टांगली, आणि गिऱ्हाईक आलं की काठीनं दोन्हीवरचं कपाचं चित्र दाखवायचा. "कप पाहा, कप. रंग नोका पाहू." असं दोन-तीन महिने चाललं. पुढे मी कॉलेजात 'बोधचिन्ह' हा धडा शिकवायला लागले तेव्हा ती काठी माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि मुलांना मी तेच उदाहरण दिलं. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा ते त्यांना लवकर कळलं.

विजेवर चालणारी वस्तू घरात आली की तिचा मान वेगळा असे. पंखा आला तेव्हा त्याच्या पात्यांवरचं प्लास्टिक माझ्या दहावीपर्यंत निघालं नव्हतं. आणि अशा प्रत्येक वस्तूबरोबर येणारं जाड कागदाचं ग्यारंटी कार्ड माय लोखंडी पेटीत ठेवायची. त्या पेटीत शेताच्या मालकीचं पासबुक होतं, राशन कार्ड होतं, माझा दहावीच्या गुणांचा मेमो होता. वस्तूला हळदी-कुंकू लागलं की कार्डालाही लागायचं. आमच्याच घरी नव्हे, गावात सगळीकडे. बायकांचं म्हणणं असं, की वस्तू रोजच्या वापरात राहणार, घासली जाणार, पडणार. पण तिचा जीव कार्डात आहे. दुकानदारच सांगतो ना, कार्ड सांभाळा, कार्ड आहे तोवर आम्ही आहोत. मग ज्याच्यात जीव आहे त्याला कुंकू नको?

मला हे तेव्हा वेडेपणाचं वाटायचं. आता तितकं वाटत नाही.

मशीन आलं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. माय आधीपासून शिवायची, पण शेजारच्या काकूंच्या पायमशीनवर, त्यांचं काम नसेल तेव्हा. स्वतःचं मशीन घ्यायचं आणि मोटरचंच घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं, कारण कापूस वेचून तिचे गुडघे दुखायचे. आदिलाबादच्या दुकानात तिच्याबरोबर बाबा आणि मी होतो. तिथला सेठ तेलुगू माणूस. कामगारांशी तेलुगूत बोलायचा, आमच्याशी हिंदीत. त्यानं आम्हाला चहा पाजला, मायला स्टुलावर बसवलं, हातात एक चिंधी दिली आणि म्हणाला, "चला के देखो, अम्मा. बिना चलाए नक्को लेव." माय दहा मिनिटं नुसती सरळ टीप मारत राहिली. चिंधी संपली, तरी ती उठेना. सेठनं तिला दुसरी चिंधी दिली.

जाताना त्यानं कार्डावर शिक्का मारला, पेनानं तारीख घातली, आणि ते दोन्ही हातांनी मायला दिलं. "ये संभाल के रखना, अम्मा. मोटर को साल भर कुछ भी हुआ तो कंपनी का जिम्मा."

घरी आल्यावर मायनं मशीनची पूजा केली. कार्डालाही केली, आणि ती जरा जास्तच केली. कुंकू उडून जाऊ नये म्हणून त्यात गोडंतेल कालवलं, आणि जिथे शिक्का होता नेमकी तिथेच अंगठाभर जागा भरून टाकली. तिच्या लेखी कार्डातली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच होती. सेठनं तिथेच तर हात लावला होता.

त्या वर्षी गावाच्या शाळेत एक नवी गोष्ट झाली. मुलांच्या गणवेशाचं कापड सरकारकडून यायचं, आणि शिवायला शहरातल्या एका टेलरकडे जायचं. तो कुणाचंच माप घ्यायचा नाही. लहान, मध्यम, मोठा, असे तीन ढीग शिवून पाठवायचा. पोरांच्या चड्ड्या एक तर पोटात रुतायच्या, नाही तर प्रार्थनेला हात जोडले की खाली यायच्या. हेडमास्तर सार नवीन आले होते. त्यांनी मायला बोलावलं आणि विचारलं, "अक्का, चाळीस पोरं हायत. माप घेऊन शिवता का?"

माय म्हणाली, "शिवतो ना, सार."

"शाळा उघडाच्या दिवशी पाह्यजे. एक दिवस मागं झाला, की पुढच्या सालपासून पुन्हा त्याच टेलरले द्या लागन. मले वर जबाब द्या लागते."

चाळीस पोरांची मापं मायनं दारोदार जाऊन घेतली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पोरासाठी एक सुतळी ठेवली, आणि तिला छाती, बाही, कंबर अशा गाठी मारल्या. सुतळ्या खुंटीवर ओळीनं टांगल्या. कुठली सुतळी कुणाची हे तिला पाठ होतं. मी सुट्टीत घरी आल्यावर म्हणाले, "वहीत लिहून देतो मी." ती म्हणाली, "लिही. पन सुतळ्याले हात नोको लावू."

आयुष्यात पहिल्यांदा मायला कुणीतरी काम दिलं होतं. मजुरी म्हणून नव्हे. तुम्हाला येतं, म्हणून. गावात बायका तिला थांबवून विचारायच्या, "काय वं, सरकारी टेलर, कोठवर आलं?" त्या थट्टेत थोडा हेवाही होता, आणि मायला तो आवडायचा.

वीस पोरांचे कपडे झाले आणि मोटर बंद पडली. शाळा उघडायला बारा दिवस होते. भर दुपारी जळका वास आला, बारीक धूर निघाला, आणि मशीन थांबलं. मायनं आधी वायर काढली, मग मशीनवर हात ठेवून बसून राहिली, जनावराला ताप आल्यावर हात ठेवतात तशी. बाबा म्हणाले, "ग्यारंटी हाय ना? मंग काऊन घाबरून राह्यली? पोरीले घेऊन जा. ते शिकेल हाय, बोलन त्यायच्यासंग."

शिकेल हाय. त्या शब्दांनी मला केवढं मोठं वाटलं होतं! आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला शिकवण्यासाठी दोघांनी काय काय सोडलं ते मी पाहिलं होतं, आणि त्या शिक्षणाचा घराला आज पहिल्यांदा उपयोग होणार होता. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाताना घालते तो ड्रेस घातला. मशीन वाकळेत गुंडाळून पोत्यात घातलं, बसमध्ये मायनं ते मांडीवर घेतलं, आणि कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर दुकानापासून वेगळं, दोन गल्ल्या सोडून होतं. काचेचा दरवाजा, आत गारवा, आणि रांगेत चार माणसं. आमच्यापुढे एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल होती, आणि फाइलमध्ये त्यांचं कार्ड इतकं कोरं, इतकं स्वच्छ होतं, की काल छापलं असावं. मी पर्समधून आमचं कार्ड काढलं. पिवळं, लाल, तेलकट. एका कोपऱ्यात अक्षतेचा दाणा चिकटलेला.

मला लाज वाटली. कुंकवाची वाटली, वाकळेची वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी मायचीही वाटली. तिनं मशीन काउंटरच्या काचेवर ठेवायचं सोडून जमिनीवर ठेवलं होतं आणि शेजारी उकिडवी बसली होती.

मी पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले, रुमाल भिजवला आणि कार्डावरचं कुंकू पुसायला लागले. माझा नंबर येईपर्यंत स्वच्छ करून टाकू, असा विचार. कुंकू तेलातलं. ते निघेना, म्हणून आणखी पाणी घेतलं, जोरानं घासलं.

काउंटरवरचा तरुण माझ्याकडे पाहत होता. तो एकदम ओरडला, "पानी नक्को! अक्का, पानी नक्को!"

तोवर झालं होतं. कुंकू गेलं नाही, ते पसरलं. आणि पेनानं लिहिलेली तारीख निळं पाणी होऊन शिक्क्यासकट माझ्या रुमालात आली.

त्यानं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, ट्यूबलाइटसमोर धरलं. "कुंकू रहता तो भी चलता था," तो हळूच म्हणाला. "हमारे यहाँ आधे कार्डां ऐसेच आते. पीछे से लाइट में पकड़े तो डेट दिखती. अब क्या दिखेगी?"

इंग्रजीत काय बोलायचं ते मी बसमध्ये मनात घोकून आले होते. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

माय उठून आली. तिनं कार्ड पाहिलं, माझा निळा-लाल रुमाल पाहिला. मला वाटलं आता ती बोलणार, तिथेच, सगळ्यांसमोर. तिनं रुमाल माझ्या हातातून घेतला, घडी करून कमरेला खोचला, आणि त्या तरुणाला विचारलं, "अब क्या करना, बाबू?"

"दुकान से लिखा के लाओ, अम्मा. किस तारीख को बेचे. बिल का नंबर मंगता."

बिल आमच्याकडे नव्हतं. बाबांनी ते जपून ठेवलं होतं की त्यात तंबाखू बांधली होती, हे आजही नक्की सांगता येत नाही.

दुकानात सेठ होता. त्यानं आम्हाला ओळखलं नाही. त्याचा काही दोष नव्हता. नऊ महिन्यांत किती माणसं येऊन गेली असतील. मी सांगितलं, असं असं झालं, कार्डावरची तारीख माझ्या हातानं पुसली गेली. त्यानं तारीख विचारली. मी मायकडे पाहिलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी," माय म्हणाली.

"इंग्लिश तारीख बोलो, अम्मा."

"इंग्लिश मेरे को क्या मालूम? पोळे का दूसरा दिन. हमारे मालक के हात को बैल के शिंग का रंग लगेला था. तुम बोले, मशीन को हात मत लगाव, रंग लगता."

सेठ हसला. "मेरे को याद नहीं, अम्मा. साल भर के बिलां हैं, मैं किधर ढूँढूँ? कल आओ."

"हम बैठते," माय म्हणाली, आणि खरोखरच बसली. मशीन शेजारी, पाय दुमडून, दुकानाच्या मधोमध, पंख्यांच्या खोक्यांना पाठ लावून. येणारी गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जाऊ लागली. एका माणसानं विचारलं, हे मशीन विकायला ठेवलंय का. माय म्हणाली, "बिमार हाय."

सेठ दोन गिऱ्हाइकं उरकून पुन्हा आमच्याकडे वळला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "पोळा बोले तो... पोलाला अमावास्या?"

तेलुगू शेतकरीही तो सण करतात, हे मला ठाऊक होतं. शाळेत तेलुगूच्या पुस्तकात वाचलं होतं. पण तेव्हा सुचलं नव्हतं. मी म्हणाले, "हौ, हौ! वोच! उसके दूसरे दिन."

त्याच्या गादीमागे दुकानाचं कॅलेंडर होतं, दर नववर्षाला गिऱ्हाइकांना फुकट वाटतात तसलं, वर लक्ष्मीचं चित्र आणि खाली दुकानाचं नाव. आमच्याकडे जुनं कॅलेंडर कुणी काढत नाही, नवं त्याच्यावरच टांगतात. सेठनं चालू वर्षाचं कॅलेंडर वर उचललं. खाली मागच्या वर्षीचं होतं. पानं उलटत उलटत त्याचं बोट काळ्या गोलावर थांबलं. अमावास्या. आम्ही तिघांनी एकदमच पुढच्या चौकोनातली तारीख पाहिली.

मग बिलबुकांचा गठ्ठा निघाला. त्या दिवसाची पाचच बिलं होती. चौथं आमचं होतं. कार्बनचा फिकट निळा कागद, बाबांचं नाव, गावाचं नाव, मशीनचा नंबर. सेठनं आपल्या लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला. तो कागद मायच्या हातात देता देता थबकला आणि माझ्या हातात दिला. "इसको कुंकू मत लगाने देना," तो म्हणाला. मग मायकडे पाहून, "और तुम पानी मत लगाने देना." माय खळखळून हसली. त्या दिवसभरात पहिल्यांदा.

सर्व्हिस सेंटरवाल्या तरुणानं कागद घेतला, मशीन खोललं आणि मान हलवली. मोटर जळली होती. ग्यारंटीत नवी मिळणार होती, काही प्रश्न नव्हता. पण ती हैदराबादहून यायची. पंधरा दिवस.

शाळा उघडायला अकरा राहिले होते.

मायनं त्याला सुतळ्यांचं सांगितलं. हिंदीत, मराठीत, हातवारे करून. वीस पोरं झाली, वीस राहिली, सार काय म्हणाले, तो टेलर कसा शिवतो. कंपनीच्या नियमात ह्याचं काही नव्हतं. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग आत गेला आणि एका डब्यातून जुन्या मशीनचं लोखंडी हँडल शोधून आणलं. पट्टा काढला, चाकाला हँडल बसवलं, दोन थेंब तेल सोडलं, फिरवून पाहिलं. "मोटर आए तक हात से चलाओ. पर अम्मा, एक हात से घुमाना और एक हात से कपड़ा पकड़ना, बहुत दिन लगते."

"दोन हात कायले?" माय म्हणाली. "हे हाय ना." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

परत येताना बसमध्ये मी म्हणाले, "माय, मीच खराब केलं." ती खिडकीबाहेर पाहत होती. तशीच म्हणाली, "तुले लाज वाटली."

मी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले.

"मलेबी वाटली होती. तुया कॉलेजात पह्यल्या दिवशी आली होती मी, तवा. पायात तुया बाबाच्या चपला होत्या." एवढंच. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढचे अकरा दिवस मी हँडल फिरवलं. पहाटे चारा-पाणी झालं की बसायचो, ऊन चढून पत्रे तापेपर्यंत, आणि पुन्हा चार वाजल्यापासून. सुरुवातीला माझी चाल मायला जुळेना. मी घाई करायची. "अवं, हळू. बाही हाय, रस्ता नाई." कोपरा आला की ती नुसतं "हं" म्हणायची, मी थांबायची, पुन्हा "हं", पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशी "हं"चीही गरज उरली नाही. तिच्या खांद्यावरून मला कळायचं. माझ्या तळहाताला फोड आले, ते फुटले, तिथे कातडी जाड झाली. खुंटीवरची एक एक सुतळी कमी होत गेली. कपडा झाला की माय सुतळी सोडून गाठी उकलायची आणि ती गुंडाळून ठेवायची.

बायका येता-जाता दारात थांबायच्या. "काय वं, सरकारी टेलर, मोटर बदलली का?"

"हव," माय म्हणायची. "डिगरीवाली बसवली."

शाळा उघडली त्या सकाळी आम्ही दोघी कुंपणाजवळ उभ्या होतो. प्रार्थनेला पोरं ओळीत उभी राहिली. चाळीसच्या चाळीस, नव्या कपड्यात. शेवटचे तीन शर्ट त्याच सकाळी झाले होते; त्यांची बटणं मी शाळेच्या वाटेवर चालता चालता लावली होती. पोरांनी हात जोडले. कुणाचीही चड्डी खाली आली नाही.

मला रडू येत होतं. मायचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती ओळीवरून नजर फिरवत होती, काखा पाहत होती, कॉलर पाहत होती. हेडमास्तर सार प्रार्थना संपल्यावर आमच्याकडे आले. ते काही बोलायच्या आत एक बाई तरातरा पुढे आली, आपल्या दुसरीतल्या पोराचा हात धरून.

"काय वं, माप घेतलं होतं ना तू? माह्या पोराची बाही पाहा किती लांब झाली."

सार थांबले. मायनं पोराला जवळ ओढलं, बाहीचं टोक बोटांनी चाचपलं.

"लांब नाई ते," ती म्हणाली. "तुया पोरगा दिवाळीपातुर वाढते का नाई? वर्षभराची बाही हाय ते."

त्या बाईनं बाहीकडे पाहिलं. मग पोराकडे पाहिलं, जणू तो खरंच वाढतोय का ते तपासत असावी. सार हसायला लागले.

"अक्का," ते म्हणाले, "पुढच्या साली कापड जरा लौकर मागवतो."

माय शाळेच्या पायरीवर बसली, पदराला टोचलेली सुई काढली, आणि त्या पोराला समोर उभं करून तो वाढेपर्यंत बाही दोन बोटं आत दुमडून टाका घालू लागली.